तलावाच्या भिंतीला दरवर्षी त्याच जागी पाझर फुटतो: कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

तक्रार सगळीकडे सारखीच असते. श्रावणात तलाव भरला की भिंतीच्या बाहेरच्या पायथ्याला ओल धरते. आठ-पंधरा दिवसांत तिथं चिखल होतो, मग बोटाएवढी धार लागते. ग्रामपंचायत दोन ट्रॉल्या मुरूम टाकते, कुणीतरी काळी माती आणून जेसीबीच्या बादलीनं थोपटतो. दिवाळीनंतर पाणी खाली जातं, धार आपोआप थांबते आणि सगळे म्हणतात, झालं काम. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी, नाहीतर चार हात सरकून, पुन्हा तेच.

हे टिपण पाझर तलाव, गावतळी आणि छोट्या सिंचन तलावांसाठी आहे. म्हणजे पाच ते दहा-बारा मीटर उंचीच्या मातीच्या भिंती. यातल्या कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामावर उभ्या राहिल्या. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. आपली तळी बहुतेक त्या चाळणीतून खाली पडतात. त्यामुळे भिंतीवर नियमित फिरणारं माणूस म्हणजे गुराखी, मासेमारीचा ठेकेदार नाहीतर शेजारचा शेतकरी. तिघांनाही काय बघायचं ते कोणी सांगितलेलं नसतं.

आधी घाबरू नका, मग निष्काळजीही राहू नका

मातीची भिंत पाझरतेच. आत काळ्या मातीचं हार्टिंग, बाहेरून मुरमाचं केसिंग, पायाखाली सीओटी (पाणी अडवायला खणून चिकणमातीनं भरलेला चर), पायथ्याला दगडांचा रॉक टो, हे सगळं नीट असलं तरी थोडं पाणी बाहेर येतं. ते वाट धरून यावं म्हणूनच तर रॉक टो आणि त्यामागची वाळू-खडीची चाळणी असते. तेव्हा पाणी येतंय का, यापेक्षा पाण्याबरोबर माती येतेय का, हे बघायचं.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, धारेचं पाणी भरा आणि सावलीत ठेवा. तासाभरानं तळाशी बघा. पाणी नितळ आणि तळ स्वच्छ असेल तर आजची रात्र निवांत. तळाशी मातीची साय धरली असेल तर भिंत आतून पोखरली जातेय. मात्र बरणी धारेच्या तोंडाशीच भरा. दोन मीटर खाली चिखलातून वाहत आलेलं पाणी गढूळ असणारच, त्यावरून काहीच कळत नाही.

पायथ्यापुढच्या सपाट जमिनीतही डोकवा. कधी तिथं बशीएवढी खळगी दिसते, मधोमध पाणी वर येतंय आणि त्यात वाळूचे कण नाचतायत. कडेला बारीक वाळूचं वारूळ साचलेलं असतं. ही उकळी. ते वारूळ म्हणजे भिंतीखालून निघून आलेली माती. जेवढं बाहेर साचलं तेवढी पोकळी आत झाली. ही पोकळी पाण्याकडच्या बाजूला सरकत जाते आणि जसजशी लांब होते तसतसा उरलेल्या मातीवरचा जोर वाढतो. म्हणून सुरुवात वर्षानुवर्षं रेंगाळते आणि शेवट काही तासांत होतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टेटन धरण ५ जून १९७६ ला असंच गेलं. नव्वदेक मीटर उंचीची मातीची भिंत, पहिल्यांदाच भरत होती. सकाळी सात-साडेसातला गढूळ गळती नजरेस आली, बुलडोझर लावून भोक बुजवायला गेले तर बुलडोझरच आत ओढले गेले, आणि दुपारी बाराच्या आत भिंत फुटली.

बाहेरून बुजवणं हाच मुळात दोष

दरवर्षीच्या दुरुस्तीत नेमकं उलटं काम होतं. पाणी जिथून बाहेर येतं तिथं चिकणमाती दाबायची. आतलं पाणी त्यानं थांबत नाही, फक्त त्याची वाट अडते. भिंतीच्या पोटात पाण्याची पातळी वर चढते, बाहेरचा उतार फुगतो, मऊ पडतो आणि पाणी दुसरीकडून तोंड काढतं. म्हणूनच ओल 'सरकली' असं वाटतं. काही ठिकाणी तर पायथ्याशी सिमेंटचा गिलावा किंवा आरसीसीची भिंत घातलेली बघितली आहे. ती भिंत सुबक होती, वर कामाचा फलकही होता, आणि पाणी तिच्या मागून चढून उताराच्या मध्यावर फुटलं होतं. पायथ्यापेक्षा उतारावर पाणी निघणं जास्त वाईट, कारण तिथून सगळा उतारच घसरू शकतो.

नियम सोपा आहे. पाणी अडवायचं ते पाण्याकडच्या बाजूनं. बाहेरच्या बाजूनं पाणी जाऊ द्यायचं आणि माती धरून ठेवायची.

पावसाळ्यात एकच काम नेमानं करा: मोजा

धार लागल्या दिवसापासून वहीत चार गोष्टी लिहायच्या: तारीख, तलावाची पट्टी (पाण्याच्या पातळीचा आकडा), धार किती, पाणी नितळ की गढूळ. त्या दिवशी पाऊस होता का तेही. तलावाला पट्टी नसेल तर विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी कालव्यात सोडायच्या दरवाज्याच्या, विहिरीवर ऑइल पेंटनं दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा ओढा. साधी बाब आहे, पण बहुसंख्य तलावांवर ती पुसली गेलेली असते.

धार छोटी असेल तर बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर सेकंदाला पाऊण लिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ ६५ हजार लिटर. धार मोठी असेल तर पायथ्याच्या चरीत पत्र्याची आडवी फळी ठोका, तिला काटकोनाची इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा आणि खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजा, फळीच्या थोडं मागं, पाणी संथ असेल तिथं. ५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला साधारण ०.७७ लिटर, १० सेंटिमीटरला ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपट होतं, त्यामुळे 'थोडंसंच तर वाढलंय' असं नुसत्या नजरेनं ठरवू नका.

आता या वहीचा उपयोग. पट्टी आणि धार शेजारी मांडली की दोष कुठं आहे ते अर्धंअधिक कळतं.

पट्टी हळूहळू चढली आणि धारही तशीच हळूहळू वाढली, तर बहुधा पाण्याचा रस्ता पायाखालून किंवा सगळ्या भिंतीतून आहे. पट्टी अमुक एका आकड्यावर येईपर्यंत पायथा कोरडा आणि त्या आकड्यावर एकदम धार, तर दोष त्याच उंचीच्या आसपास आहे. जुनी भेग, बीळ, पाइप, काहीतरी. तलाव आटला तरी ओल तशीच असेल तर ते पाणी तलावाचं नसून डोंगराच्या कुशीतल्या झऱ्याचं असू शकतं. शंका असेल तर आरओवाल्याकडचं टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन आणा. तलावातलं पाणी पावसाचं, त्याचा टीडीएस सहसा कमी. झऱ्याचं पाणी खडकातून मुरून आलेलं, त्याचा बऱ्याचदा जास्त. दोन्ही आकडे सारखे निघाले तर पाणी तलावाचंच धरून चाला.

सर्वांत वाईट नोंद म्हणजे पट्टी तीच, पण धार वाढली. पाण्याचा दाब वाढलेला नाही आणि तरीही जास्त पाणी येतंय, याचा अर्थ आतली वाट रुंद झाली. अशी नोंद दिसली की वही बंद करून फोन उचलायचा.

एका पाझर तलावाचं उदाहरण देतो. धार भरात असायची, पण तलाव साधारण तीन-चतुर्थांश भरल्यानंतरच. तीन उन्हाळे पायथ्याला माती पडत होती. शेजारच्या मळ्यातले आण्णा म्हणाले, "साहेब, हे पाणी तर पाइप गाडला तवापासून येतंय." कसला पाइप? तर वरच्या अंगाच्या कुणीतरी तलावातून पाणी उचलायला भिंतीच्या माथ्यात आडवा चर खणून पीव्हीसी पाइप नेला होता. मोटार बंद, पाइप विसरलेला, चर मोकळ्या मातीनं बुजवलेला. उन्हाळ्यात तो चर उघडला तेव्हा पाइपाच्या खालच्या अंगाला मूठ जाईल एवढी सलग पोकळी होती, आतून धुऊन गुळगुळीत झालेली. पायथ्याच्या दुरुस्तीचा आणि या दोषाचा काहीही संबंध नव्हता.

ठरलेल्या जागा

पाइप पुरलेला चर ही पहिली जागा. नवा पाइप न्यायचाच असेल तर भिंत न खणता माथ्यावरून उघडा न्यावा, आणि तोसुद्धा खात्याच्या परवानगीनं.

दुसरी जागा विमोचकाची मोरी. माती आणि दगडी-काँक्रीट बांधकाम जिथं भेटतात तिथं रोलर पोचत नाही, धुम्मसानं कुटायचं काम कुणी मनापासून करत नाही आणि माती बसली की बारीक फट राहते. कालव्यात दरवाजा बंद असूनही पाणी येत असेल तर ते दरवाज्याच्या रबरातून गळतंय की मोरीच्या बाहेरच्या कडेनं येतंय, हे वेगळं करून बघा. पहिल्यात फक्त पाणी वाया जातं. दुसऱ्यात भिंत जाते. पानशेतची भिंत १२ जुलै १९६१ ला फुटली तेव्हा विमोचकाचं काम अपुरं होतं आणि त्याच्या वरचाच भाग आदल्या रात्री खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून पुण्याला काही तास जास्त मिळाले.

तिसरी, भिंत डोंगराला टेकते ते दोन्ही खांदे. खडक नीट साफ न करता माती टाकली असेल तर सांध्यातून पाणी येतं. चौथी, मधला जुना नाला. भिंत तिथं सर्वांत उंच, पाया सर्वांत वाळूचा, आणि सीओटी खडकापर्यंत गेली की पाणी लागलं म्हणून वरच सोडली, हे त्या वेळच्या मजुरांनाच माहीत असतं. गावात त्या कामावर गेलेली म्हातारी माणसं अजून असतील तर त्यांना विचारा. कागदावरच्या आडव्या छेदापेक्षा त्यांची आठवण कितीतरी वेळा कामाला येते.

पाचवी जागा माथा. काळी माती उन्हाळ्यात तडकते. माथ्यावरचा मुरमाचा थर ट्रॅक्टरच्या चाकांनी निघून गेला असेल तर भेगा थेट हार्टिंगमध्ये उतरतात. आडव्या, म्हणजे पाण्याकडून बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या भेगा धोक्याच्या. भिंतीच्या लांबीनं जाणारी लांबट भेग दिसली आणि तिच्या एका बाजूची माती खाली बसलेली असेल तर उतार घसरायला लागलाय असं समजा.

खेकडे, घुशी आणि बाभळी

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वाडीतली वीसेक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि राज्यभर थट्टा झाली. थट्टा रास्त होती, कारण बिळं पडलेली दिसत असताना भिंत तशीच ठेवणं हे खेकड्याचं काम नव्हे. पण त्या थट्टेमुळे एक गैरसमज पसरला की बिळांनी काही होत नाही. होतं. खेकडा, घूस, साळिंदर, मुंगूस यांची बिळं भिंतीत आडवी शिरतात आणि पाण्याला भिंतीतून कापावं लागणारं अंतर तेवढं घटवतात. बाहेरच्या उतारातलं बीळ भिंतीच्या पोटातल्या ओल्या भागापर्यंत पोचलं की तिथून धुपीला सुरुवात.

बिळात नुसता दगड कोंबू नका. बीळ शेवटापर्यंत उकरा, कोरड्या दिवसांत, आणि ओलसर माती थराथरानं कुटत भरा. उकरणं शक्य नसेल तर माती आणि थोडं सिमेंट कालवून केलेला पातळ काला वरून ओतत भरतात. तो आपल्या वजनानं उतरू द्यायचा, पंपाचा दाब देऊन ढकलायचा नाही. दाबानं मातीची भिंत आतून फाटू शकते. भिंतीला सरसकट सिमेंट ग्राउटिंगचा आग्रह धरणाऱ्यांना मी हेच सांगतो.

झाडांचं गणित थोडं उलटं आहे. वेडी बाभूळ, सुबाभूळ, करंज लहान असतानाच मुळासकट काढा. मोठं झालेलं झाड नुसतं बुंध्यापासून तोडलं तर चार-पाच वर्षांत मुळं कुजतात आणि आत तयार नळ्या राहतात. तेव्हा मोठं झाड काढायचं तर तलाव रिकामा असताना, मुळांसकट, आणि खड्डा थराथरानं कुटून भरून. हरळी मात्र राहू द्या. तिच्यासारखी उताराची राखण दुसरं काही करत नाही.

गाळ काढला आणि गळती वाढली

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली तेव्हापासून हा प्रश्न वारंवार येतो. पाण्याकडच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला बारीक गाळ पाझराला आपोआप आवर घालत असतो. पोकलेनवाला भिंतीला चिकटून, मूळ तळाखालचा मुरूम दिसेपर्यंत खणतो, कारण तिथं माती चांगली आणि रस्ता जवळचा. मग पुढच्या पावसाळ्यात पाण्याला पायाखाली शिरायला उघडं दार मिळतं. पाझर तलावात पाणी मुरायलाच हवं हे खरं, पण ते तलावाच्या पोटातून. भिंतीखालून नव्हे.

भिंतीच्या पायथ्यापासून निदान तिच्या उंचीच्या पाचपट अंतर सोडून खणा, असं मी सांगतो. आठ मीटरच्या भिंतीला चाळीस मीटर. चुन्याची फक्की मारून रेघ आखा, नाहीतर पोकलेनवाल्याला ती दिसणार नाही. आधीच खणून झालं असेल तर तो पट्टा चिकणमातीनं थराथरात भरून कुटून घ्यावा लागेल.

पावसाळ्यातच धार गढूळ झाली तर: उलटी चाळणी

तलाव भरलेला आहे, दुरुस्ती उन्हाळ्यापर्यंत होणार नाही आणि पाण्याबरोबर माती येतेय. अशा वेळी खात्याच्या माणसाला बोलावून त्याच्या देखरेखीखाली हे करायचं.

ओल्या जागेवरचं गवत कापा, सैल चिखल हातानं बाजूला करा. खणू नका. त्यावर नदीची धुतलेली भरड वाळू पसरा, निदान वीतभर जाड, ओलीच्या कडेपासून मीटरभर बाहेरपर्यंत. त्यावर बारीक खडी, साधारण ६ ते १२ मिलिमीटरची, पुन्हा वीतभर. त्यावर २० ते ४० मिलिमीटरची खडी. सर्वांत वर हातानं उचलतील असे दगड. पाणी या थरांतून निघून जातं, माती वाळूपाशी अडते आणि वरच्या दगडांचं वजन पायथ्याला दाबून धरतं. वाळू वाहून जात असेल तर धारेवर आधी थोडे दगड-खडी टाकून तिचा जोर मोडा आणि मग त्यावर वरचेच थर त्याच क्रमानं द्या.

इथं हमखास होणारी गडबड म्हणजे वाळूऐवजी क्रशरची डस्ट. तिच्यातली पिठासारखी भुकटी चाळणी तुंबवते आणि आपण पुन्हा बुजवल्यासारखंच होतं. प्लॅस्टिकचा कागद किंवा ताडपत्री तर अजिबात नको. दगड थेट मातीवर टाकणंही निरुपयोगी, त्यांच्या फटींतून माती आरामात निघून जाते.

सपाट जमिनीतल्या उकळीला वेगळं करावं लागतं. तिच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचा, विहिरीच्या कठड्यासारखं. आत पाणी साचून वर चढेल आणि खालून येणारा जोर कमी होईल. कण नाचायचे थांबले, नितळ पाणी कड्यावरून वाहू लागलं की तिथंच थांबा. कडं आणखी उंचावून पाणी पूर्ण बंद करायला गेलात तर उकळी शेजारी फुटते.

याच्या जोडीला विमोचक उघडून पट्टी खाली आणा, पण दिवसाला साधारण फुटाच्या बेतानं. भराभर पाणी उतरवलं तर पाण्याकडचा ओला उतार आधार गेल्यामुळे पिचिंगसकट, म्हणजे त्यावर रचलेल्या दगडांसकट, घसरतो. जीव धोक्यात असेल तेव्हा अर्थात हा हिशेब मागं पडतो.

उन्हाळ्यातली खरी दुरुस्ती

वहीवरून जागा आणि उंची कळली की पाण्याकडच्या बाजूनं पिचिंग उचलून दोष उघडा करायचा. पोकळी, चर, भेग जिथं संपते त्याच्या पुढं हातभर घट्ट माती लागेपर्यंत खणायचं आणि कडा उभ्या न ठेवता उतरत्या ठेवायच्या, म्हणजे नवी माती जुनीला धरते. भरायची माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत. ओलावा असा की मुठीत दाबली तर लाडू वळेल आणि हाताला चिखल लागणार नाही. प्रत्येक थर कुटल्यावर वरचा पापुद्रा खरवडून, पाणी मारून मगच पुढचा. जेसीबीनं थोपटणं म्हणजे दबाई नव्हे. रोलर शिरत नसेल तिथं छोटं कॉम्पॅक्टर भाड्यानं मिळतं.

माती कुठली, हे फार कमी जण विचारतात. चोपण जमिनीतली माती दिसायला चिकण, पण पाण्यात आपोआप सुटते. परीक्षा अशी: हरभऱ्याएवढं ढेकूळ पावसाच्या किंवा बॅटरीत घालतात त्या पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा, दहा मिनिटं हलवू नका. ढेकूळ नुसतं विस्कटून खाली बसलं तर हरकत नाही. त्याच्याभोवती धुक्यासारखा ढग पसरत गेला तर ती माती भिंतीत घालू नका. विहिरीच्या खारट पाण्यात हा ढग दिसत नाही, म्हणून पाणी गोडंच हवं.

दोष पायाखाली असेल तर पाण्याकडे चिकणमातीचा पट्टा आणि बाहेर नव्यानं रॉक टो व निचऱ्याची चर, एवढं तरी लागतंच. ते ग्रामपंचायतीच्या निधीचं काम नाही. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे राज्याच्या मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा खात्याकडे. आधी तलाव कुणाचा ते तालुक्याला विचारून घ्या, नाहीतर अर्ज दोन कचेऱ्यांमध्ये फिरत राहतो. अर्जात 'गळती होत आहे' एवढंच लिहू नका. साखळी क्रमांक (भिंतीच्या टोकापासून गळतीपर्यंतचं अंतर), पट्टी, धारेचं माप, गढूळ की नितळ, तारखेसह फोटो आणि वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

गळतीच्या नादात सांडवा विसरू नका

पाझरानं भिंत सावकाश जाते, पाणी माथ्यावरून गेलं तर एका रात्रीत. दोन उद्योग सर्रास चालतात. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर पोती किंवा फरश्या रचणं, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून ठेकेदारानं सांडव्याला आडवी जाळी बांधणं. जाळीत पालापाचोळा, जलपर्णी अडकली की तीच भिंत होते. आकड्यात सांगतो. २० मीटर लांबीच्या सांडव्यावरून एक मीटर उंचीचं पाणी पडत असेल तर सेकंदाला साधारण ३४ घनमीटर निघून जातं. त्यावर फूटभर पोती रचली तर त्याच पातळीला २० च्या आसपास. म्हणजे फूटभर साठ्यासाठी सांडव्याची चाळीस टक्के ताकद गेली. शिवाय पट्टी फुटानं वाढल्यामुळे पाझरही वाढतो, ते वेगळंच.

यापैकी काही दिसलं तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका

तलावाच्या पाण्यात भिंतीजवळ भोवरा. माथा किंवा उतार खचणं. धार अचानक गढूळ होऊन तासागणिक वाढणं. माथ्याला पाणी टेकणं. यातलं एकही दिसलं की खालच्या वस्तीला आधी उठवा, मग जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. भिंतीच्या खाली आणि खचलेल्या भागावर कुणी जायचं नाही, व्हिडिओ काढायलाही नाही.

वस्ती हलवणं लोकांना जड जातं, 'दरसाल येतंय की पाणी' असं म्हणतात. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या, बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली तेव्हा खालची १८ गावं रिकामी केली आणि बाजूनं चर खोदून पाणी काढून दिलं. पाण्यानं पुढं तो चर रुंद करत भिंतीचा काही भाग नेला, पण माणूस गेलं नाही. चर खोदायची जागा तिथं अभियंत्यांनी ठरवली होती. गावानं आपल्या मनानं भिंतीला कुदळ लावू नये, भिंत खणून पाणी सोडलं की ते पुन्हा आवरता येत नाही.

दुरुस्ती झाल्यावरची पहिली भरती सर्वांत नाजूक. नवी माती बसायची असते आणि चुका पहिल्याच पाण्यात उघड्या पडतात. खात्याला सांगून शक्य असेल तर विमोचक उघडा ठेवून पट्टी टप्प्याटप्प्यानं चढू द्या, प्रत्येक मीटरला दोन-तीन दिवस थांबा आणि पायथा चालत बघा. गेल्या वर्षी पट्टी पाच मीटरला असताना धार किती होती ते वहीत आहेच. या वर्षीची पाच मीटरची नोंद त्याच पानावर, त्याच्या शेजारी लिहा. निम्म्यावर आली असेल आणि पाणी नितळ असेल तर पुढचा मीटर चढू द्यायला हरकत नाही. तेवढीच असेल तर दोष दुसरीकडे आहे, तलाव तिथंच धरा आणि खात्याला त्याच आठवड्यात दाखवा.